हंबरची मागची सीट

घाटकोपर, भटवाडी
१४ सप्टेंबर १९८६

अनु,

हे पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे आणि माझी जीभही होती तशीच आहे, तेव्हा फार आशा धरू नकोस. पत्र कामाचं आहे.

मोठ्या शेठची हंबर आठवते ना? शेठ गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती अंधेरीच्या बंगल्यामागे शेडमध्ये उभी आहे. आता चंद्रप्रकाश शेठच्या मनात आलंय की जानेवारीत जुन्या गाड्यांची जी फेरी निघते तिच्यात वडिलांची गाडी न्यायची. इंजिनाची काळजी नाही, ते मी दर आठवड्याला सुरू करत आलोय. पण शेडचं छप्पर गळकं, त्यात उंदीर. मागच्या सीटचं कापड आणि खालचा गालिचा यांची वाट लागली. जे उरलं होतं ते माळ्याने मला न विचारता उचलून फेकून दिलं. त्याला मी काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पुढचा प्रश्न नाही. पुढे काळं चामडं आणि रबराची चटई, दोन्ही शाबूत आहेत. गाडी बनवणाऱ्या साहेबांनीच तसं ठरवलेलं असायचं. ड्रायव्हर घामेजलेला, भिजलेला येणार, म्हणून त्याला चामडं, फडकं मारलं की झालं. मागे मालक, म्हणून त्याला लोकरीचं कापड आणि पायाखाली गालिचा. भांडण आहे ते मागच्या सीटच्या रंगावरून. शेठ म्हणतात, "अण्णा, लाल मखमल लावू, झकास दिसेल." मोठ्या शेठाणी म्हणतात कापड राखाडी होतं. मला आठवतो तो विटकरी. फोटो आहेत, पण सगळे काळे-पांढरे.

शनिवारी सीटच्या पांढऱ्या खोळी धोब्याकडे गेल्या की आतून ब्रश मारायचं काम तुझं असायचं. आठ वर्षांची असल्यापासून तू ते केलंस. म्हणून तुला विचारतो. पाकिटात कापडाचे पाच तुकडे आहेत, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचली आहे. बरोबर कुठला ते कळव. कार्डावर नुसता नंबर लिहिलास तरी चालेल, बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझा पत्ता मला कुठून मिळाला ते विचारू नकोस.

अण्णा


२८ सप्टेंबर १९८६

चि. अनु,

तुझं कार्ड मिळालं. मोजून सहा शब्द. "तीन नंबर. बदामी. उन्हाळ्यात मांड्यांना टोचायचं." ना नमस्कार, ना सही. अक्षर मात्र अजून तसंच आहे, 'म' लिहिताना तुझं पेन अडखळतंच.

म्हणजे तू सीटवर बसायचीस! मी बजावून ठेवलं होतं की ब्रश मारायचा आणि बाहेर यायचं, मालकाच्या जागेवर बूड टेकायचं नाही. मी चहाला गेलो की फ्रॉक पसरून बसत असशील. नुसतं आतून झाडलं असतंस तर कापड टोचतं हे तुला कळलंच नसतं. पकडली गेलीस की नाही?

पण त्या टोचण्याने काम झालं. मी शेठना सांगितलं, मखमल टोचत नाही, लोकर टोचते, आणि गाडीचं कापड टोचणारं होतं. शेठ म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, माझ्या मुलीने. तीन वर्षांत हा शब्द त्या बंगल्यात मी पहिल्यांदा उच्चारला. नंतर उगीचच टायरची हवा तपासत बसलो.

सीट शिवणारा माणूस चांगला मिळालाय. काशीराम नाव, आपल्याच कणकवलीकडचा. गिरणीत मागावर होता, संपानंतर साकीनाक्याला एका गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवतो. कापडाला हात लावला की त्यात लोकर किती आणि लबाडी किती ते सांगतो. बोलतो मात्र माझ्यापेक्षाही वाईट.

तुझ्या आईला कार्ड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. तिने खिशातून काढून वाचलं. वाचून म्हणाली, "बरं झालं हो, एकदाचं तुम्हाला निमित्त सापडलं." मी म्हटलं निमित्त कसलं, काम आहे. संध्याकाळी तिने बोंबलाचं कालवण केलं. आता एक सांगून टाकतो. ती महिन्यातून एकदा दादरला बहिणीकडे जाते म्हणून निघते आणि येताना पिशवीत सुके बोंबील असतात. दादरला बोंबील वाळत घालत नाहीत, तुमच्या मढला घालतात, एवढं मलाही कळतं. तीन वर्षं मी ते काही न विचारता खातोय. तुझा पत्ताही त्याच पिशवीतल्या चिठ्ठीवरून उतरवून घेतला. तिला हे सांगू नकोस.

आता गालिचा. चार तुकडे पाठवतोय. मला तो तपकिरी होता असं वाटतं. तुझं काय म्हणणं?

अण्णा


१९ ऑक्टोबर १९८६

चि. अनु,

या वेळी पान भरलंस, फार बरं वाटलं. तू लिहिलंस तसं मागची पाय ठेवायची फळी उचलून बघितली. माळ्याचा हात तिथे पोचला नव्हता. फळीखाली वीतभर तुकडा शिल्लक होता, बाटलीसारखा गर्द हिरवा. बाकीचा गालिचा पायांनी आणि उन्हाने विटून खाकी झाला होता, म्हणून कोणी तपकिरी म्हणत होतं, कोणी काही. शेठाणींनी तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मोठ्या शेठबरोबर त्या पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा नव्या गालिच्यावर चपला कशा ठेवायच्या म्हणून त्यांनी काढून हातात धरल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं.

हिरवा गालिचा मिळाला. काशीरामने तो कापण्याआधी माझ्याशी तासभर हुज्जत घातली. गालिच्याची लव दाराकडे झुकलेली हवी, म्हणजे झाडताना केर आपोआप बाहेर येतो. उलटी लावली तर केर आत सरकत जातो आणि पायाखाली साठतो. एवढी वर्षं गाडी झाडून घेतली, पण हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?

पत्रा गंजू नये म्हणून गालिच्याखाली डांबराचा हात मारायची तू कळवलेली युक्ती चांगली होती. बोटीला आतून लावतात तसाच पातळ हात मारून तीन दिवस वाळू दिला. काशीराम म्हणाला, हे सांगणारा माणूस कामाचा दिसतो. ज्यांनी सांगितली त्यांना तसं कळव.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सीट अजून नागडी होती म्हणून तिच्यावर चादर घातली, सणाच्या दिवशी बरं दिसत नाही.

आता भरणा चालू आहे. स्प्रिंगा जुन्याच आहेत, वर काथ्या, काथ्यावर कापूस, त्यावर बदामी कापड. सीट कशी झाली ते मी रोज हाताने दाबून बघतो. हात आत जातो, मी म्हणतो अजून भर. काशीराम भरतो, मी दाबतो, अजून थोडं जातं. परवा तो भडकला. म्हणाला, "अरे, हातान काय बघतंस? बूड टेकव मरे! बसल्याबिगर तुका कळतला कसा?"

मी बसलो नाही. मी मागच्या दाराने फक्त आत वाकलोय. चौतीस वर्षं मी ते दार उघडलं आणि लावलं, पण मागे बसलो नाही, एकदाही नाही. गाडी रिकामी असतानाही नाही. कोणी मनाई केली होती असं नाही. पायच उचलत नाही तिथे. तू हसशील. हस. पण हात काही खोटं सांगत नाही, याच हातांनी मी गिअर ओळखतो. सीट उत्तम होणार आहे.

अण्णा


९ नोव्हेंबर १९८६

चि. अनु,

दिवाळीचा फराळ मिळाला. तुझ्या आईने तो दादरहून आला म्हणून सांगितलं. करंजीला मुरड तू घालतेस तशीच होती. मी म्हटलं, दादरची करंजी छान असते. ती हसली, मीही हसलो. आमच्या घरात हल्ली असं चालतं.

पण बातमी वाईट आहे. माझी पार शोभा झाली.

पाडव्याला सीट पूर्ण झाली. बदामी कापड, कडेला त्याच कापडाची बारीक दोरी शिवलेली, खाली हिरवा गालिचा. बघणाऱ्याचा श्वास अडकावा अशी दिसत होती. शेठ म्हणाले, पहिला मान आईचा. मोठ्या शेठाणी आल्या, नवी साडी नेसून. मी दार उघडलं. त्या बसल्या आणि बसल्या तशा वरच राहिल्या. सीट तसूभरही खाली गेली नाही. पाय जमिनीपासून वीतभर वर, शाळेतल्या बाकावर मूल बसतं तसे लोंबकळत. टेकावं म्हणून मागे सरकल्या तर तिथून घसरून पुढे आल्या. मी धरलं म्हणून बरं. एवढं होऊन त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "धोंडिराम, सीट छान आहे, पण हे असते तर त्यांना मला धरून बसावं लागलं असतं." हे म्हणजे मोठे शेठ.

काशीराम तिथेच होता. गाळ्यावर परतल्यावर म्हणाला, हात टोकदार असतो, तो आत घुसणारच, माणूस सगळ्या अंगाने बसतो. तू हाताच्या मापाने काथ्या भरून घेतलास. ही चूक आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने केली नाही, कारण गिऱ्हाईक आधी बसतं.

आता सगळं उसवून कमी करायचं आहे. पण किती कमी? शेठाणी म्हणतात पूर्वी बसलं की आत सामावून जायचं. शेठ लहानपणी मागे उभेच राहायचे, त्यांना काही आठवत नाही. उरलीस तू. तू बसलेली आहेस, चोरून का होईना. तर एक दिवस ये. काशीराम काथ्या काढत जाईल, तू बसत जा, बरोबर झालं की सांग. मी स्वतः हंबर घेऊन न्यायला येतो. मार्वे नाक्यावर उभा राहीन. मढच्या आतल्या रस्त्याला एवढी लांब गाडी वळणार नाही, म्हणून नाक्यावर. तू तिथपर्यंत ये. संध्याकाळी तिथेच सोडीन.

कुठला दिवस ते कळव.

अण्णा


३० नोव्हेंबर १९८६

अनु,

तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. मी ते काशीरामच्या गाळ्यावर वाचलं, घरी वाचायची हिंमत झाली नाही.

तू लिहिलंस, "अण्णा, सहा महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत शूटिंगवाल्यांची बस येऊन वळून गेली. गाडी वळत नाही असं नाही, तुम्ही वळत नाही." खरं आहे. त्या गल्लीत बैलगाडी वळते की विमान, हे मी कधी बघायलाच आलो नाही.

तू लिहिलंस की रंग मला पहिल्यापासून माहीत होता, आईने तुला सांगितलं. तेही खरं आहे. काशीरामने सीट उघडली त्याच दिवशी खिळ्यांच्या पट्टीखाली बोटभर बदामी कापड मिळालं होतं. फळीखालचा गालिचाही तू लिहिण्याच्या आदल्या आठवड्यात बघून ठेवला होता. शेठनाही रंग कळला होता आणि मखमलीचं त्यांनी तेव्हाच सोडलं होतं. टोचण्यावरून मी त्यांना पटवलं हे रचलेलं, 'माझ्या मुलीने' असं बंगल्यात म्हटलं ते मात्र खरं. विटकरी, तपकिरी मी मुद्दाम लिहिलं. तुकडे पाकिटात घालताना तिसरा नंबर बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. तू चुकीचा नंबर लिहिला असतास तरी मी आनंदाने पुढचं पत्र लिहिलं असतं. सीट किती मऊ होती, एवढंच मी तुला खरं विचारलं.

आणि तू लिहिलंस, "चार पत्रं झाली. त्यात काशीराम आहे, माळी आहे, उंदीर आहेत. माझ्या नवऱ्याचं नाव नाही. डांबराची युक्ती त्याची, तर तुम्ही लिहिता 'ज्यांनी सांगितली त्यांना'. मी नाक्यावर उभी राहून चोरासारखी गाडीत बसणार नाही. मला बोलवू नका. तुम्हाला यायचं असेल तर घर ज्याचं आहे त्याला लिहा." हे मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. दोन दिवस जमला. तिसऱ्या दिवशी आईला म्हटलं, तुझी मुलगी फार बोलते. ती म्हणाली, "ती कुणावर गेली ते बघा आरशात. बोला ना आता, आता का गप्प?" मग ती रडली. लग्न ठरलं तेव्हा मी जे शब्द वापरले, किरिस्तांव म्हणून त्या पोराच्या आईबापांबद्दल जे बोललो, ते तिने मला एकेक करून ऐकवले. इतके दिवस ती बोंबील आणत होती आणि हे सगळं पोटात ठेवून होती, याचा मला पत्ता नव्हता.

सीटचं ऐक. तू येणार नाहीस म्हटल्यावर काशीराम म्हणाला, आता तूच बस. मी बसलो. चपला काढल्या, त्याने दंडाला धरलं आणि बसलो. काथ्या काढत गेला, मी बसत गेलो, पाच वेळा. पाचव्यांदा अंग आत गेलं आणि पाय गालिच्यावर सपाट टेकले. तुझं खरं होतं, कापड पायजम्यातूनही टोचतं. समोर बघितलं तर ड्रायव्हरची मान. सगळा रस्ता त्या मानेआड जातो. मागे बसणाऱ्याला मी आयुष्यभर माझी मानच दाखवली की काय, असं वाटलं. शेठाणी परवा पुन्हा बसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा मला कळलं, जमलं.

तर गाडीचं काम संपलं. तुला लिहायला माझ्याकडे आता कापड नाही, गालिचा नाही, काही नाही. तू म्हणालीस त्याला मी तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. तुझी आठवण येते, अनु. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

अण्णा


७ डिसेंबर १९८६

श्री. मार्कस यांस,

मी अनुपमाचा बाप. आपण कधी बोललो नाही, आणि तो दोष पूर्ण माझा आहे. पत्र फेकून द्यायचं असेल तर द्या, पण शेवटपर्यंत वाचून मग द्या, एवढी विनंती.

डांबराची युक्ती तुमची होती. ती उत्तम लागू पडली. हे तुम्हाला तुमच्या नावाने सांगायला मला दोन महिने लागले.

आता जे लिहितो ते अनुला माहीत नाही, तिच्या आईलाही नाही. १६ मे १९८३ला तुम्ही दोघं वांद्र्याच्या रजिस्ट्रार कचेरीतून सव्वाबारा वाजता बाहेर पडलात. अनुने आईची मोतिया रंगाची साडी नेसली होती. तुमचा कोट खांद्यात मोठा होता, बहुधा दुसऱ्या कुणाचा असावा. हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी समोरच्या फुटपाथला हंबर लावून बसलो होतो. मोठ्या शेठना सर्व्हिसिंगला नेतो असं खोटं सांगून गाडी काढली होती.

तुम्हाला टॅक्सी मिळत नव्हती. चार गेल्या. पाचवी थांबली आणि मढचं नाव ऐकून निघून गेली. ऊन फार होतं. तुम्ही कोट काढून अनुच्या डोक्यावर धरलात आणि स्वतः उन्हात उभे राहिलात. वीस मिनिटं. माझी मागची सीट रिकामी होती. मला फक्त गाडी वळवून समोर आणायची होती आणि दार उघडायचं होतं. दुसरं काही मी आयुष्यात केलेलंच नाही, तेवढंच मला येतं.

मी रागाने थांबलो असं समजू नका. राग सकाळीच संपला होता, म्हणून तर आलो होतो. मला लाज वाटली. आता उतरलो तर तीन महिने चाळीत जो आरडाओरडा केला तो कशासाठी, असं लोक विचारतील, एवढ्यासाठी मी बसून राहिलो. मग तुम्ही बसमध्ये चढलात. मी त्या बसच्या मागोमाग अंधेरीपर्यंत गाडी चालवली. तुम्हाला जागा मिळाली नव्हती, तुम्ही उभे होता. अनुला मिळाली होती. अंधेरीला बस पुढे गेली आणि मी बंगल्याकडे वळलो.

तो कोट तुम्ही तिच्या डोक्यावर धरलात तेव्हाच मला कळलं होतं की मुलगी चांगल्या माणसाच्या घरी पडली. कळूनही मी तीन वर्षं गप्प बसलो. तुमच्या आईवडिलांबद्दल जे बोललो ते तुमच्या कानावर आलंच असेल. ते सगळं चुकीचं होतं. मला माफ करा. कागदावर माफी मागणं सोपं असतं, म्हणून तुमच्या आणि तुमच्या आईवडिलांच्या समोर उभं राहून मागायची आहे.

घर तुमचं आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. येत्या चौदा तारखेला, रविवारी, अनुची आई वनमाला आणि मी तुमच्याकडे आलो तर चालेल का? गाडी आणणार नाही, बसने येऊ. अनुला आधी विचारू नका, तुम्ही ठरवा. हो म्हणालात तर दहाच्या सुमारास पोचू. नाही म्हणालात तर एकवीस तारखेसाठी पुन्हा लिहीन.

आपला,
धोंडिराम सावंत